दुरुस्तीचा हक्क आणि साधेपणाची निवड

घरातील वस्तू बिघडणे ही काही नवी गोष्ट नव्हे. नवे आहे ते एवढेच की, बिघडलेली वस्तू आता सहसा दुरुस्त होत नाही; ती बदलावी लागते. मिक्सर, पंखा, रेडिओ, शिलाई यंत्र या वस्तू एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपविल्याची उदाहरणे आपल्या घराघरांत सापडतात. आज मात्र पाच-सहा वर्षे वापरलेला फोन किंवा दूरचित्रवाणी संच ‘जुना’ ठरतो. तो बिघडला म्हणूनच जुना ठरतो असे नाही. बरेचदा त्याचा सुटा भाग मिळत नाही किंवा त्यातील सॉफ्टवेअर पुढे चालत नाही म्हणून तो जुना ठरतो. ग्राहकाच्या या नित्याच्या त्रासामागे कोणती कारणे आहेत, कायद्याने त्याला काय दिले आहे आणि साधे पर्याय कोठे उपलब्ध आहेत, याचा विचार राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या संदर्भात येथे केला आहे.

प्रारंभी एक घरगुती अनुभव सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य गाझियाबाद येथे आहे. घरातील कपडे धुण्याचे यंत्र सहा वर्षांच्या वापरानंतर एके दिवशी सुरूच होईना. तक्रार नोंदविण्यासाठी दूरध्वनी केला असता ‘आधी ॲप उतरवून घ्या’ असे ध्वनिमुद्रित उत्तर मिळाले. ॲपमध्ये यंत्राचा क्रमांक टाकावा, तर ‘हे मॉडेल यादीत नाही’ असा संदेश येई. अखेर चौथ्या दिवशी तंत्रज्ञ आला. त्याने मागील झाकण उघडून पाहिले आणि ‘बोर्ड गेला आहे, तो आता येत नाही, नवीन यंत्र घ्या’ असा निर्णय दिला. भेटीचे शुल्क मात्र त्याने घेतले. शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरून तोच बोर्ड लाल किल्ल्यासमोरील लजपतराय मार्केटमध्ये एका कारागिराकडे नेला. त्याने भिंग लावून पाहिले, फुगलेला एक कपॅसिटर आणि जळालेला एक रिले काढून नवे बसविले आणि ४५० रुपये घेतले. यंत्र आजही चालू आहे.

या प्रसंगात दोष केवळ तंत्रज्ञाचा होता असे म्हणता येणार नाही. त्याला सुटा कपॅसिटर बदलण्याचे प्रशिक्षणही दिलेले नसते आणि तशी परवानगीही नसते. संपूर्ण बोर्ड बदलणे एवढेच त्याचे काम असते. प्रश्न व्यवस्थेचा आहे. कारागीर ओळखीचा नसता, तर काही रुपयांच्या भागापायी हजारो रुपयांचे यंत्र भंगारात गेले असते.

बिघाडामागील अर्थकारण

वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर मर्यादित ठेवण्याचा प्रकार जुना आहे. १९२४ च्या अखेरीस जिनिव्हा येथे विजेचे दिवे बनविणाऱ्या प्रमुख उत्पादकांचा ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन झाला. दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणून ठेवण्याचे या संघाने ठरविले. त्याहून अधिक काळ टिकणारे दिवे बनविणे तेव्हाही शक्य होते. परंतु टिकाऊ दिवा म्हणजे कमी विक्री, हा त्यामागील हिशेब होता.

आजच्या वस्तूंमध्ये हा हिशेब इतका उघडपणे मांडला जात नाही. दुरुस्तीला येणारे अडथळे साधारणपणे चार प्रकारचे असतात. पहिला अडथळा रचनेचा. फोनची बॅटरी पूर्वी नखाने झाकण उचलून बदलता येत असे; आता ती गोंदाने चिकटविलेली असते आणि ती काढण्यासाठी उष्णता देणारी साधने लागतात. दुसरा अडथळा सुट्या भागांचा. काही उपकरणांत पडदा, बॅटरी किंवा कॅमेरा यांचा अनुक्रमांक मुख्य बोर्डाशी जोडलेला असतो. त्यामुळे मूळ उत्पादकाचाच भाग दुसऱ्या संचातून काढून बसविला, तरी त्याचे एखादे कार्य बंद पडते किंवा सूचनेचा संदेश सतत दिसत राहतो. तिसरा अडथळा माहितीचा. बोर्डावरील जोडणीचा आराखडा आणि दोष शोधण्याची पद्धत दाखविणारी पुस्तिका अधिकृत केंद्राबाहेर मिळत नाही. चौथा अडथळा सॉफ्टवेअरचा. यंत्राचे सर्व भाग धडधाकट असले, तरी सुरक्षाविषयक सुधारणा थांबल्या की बँकेचे ॲप त्यावर चालेनासे होते.

या चारही अडथळ्यांमध्ये एक समान सूत्र आहे. वस्तूची किंमत ग्राहक मोजतो, परंतु तिच्यावरील संपूर्ण ताबा त्याच्याकडे येत नाही. दुरुस्ती कोणी करावी, किती दिवसांत करावी आणि कोणत्या दराने करावी, हे ठरविण्याचा अधिकार विक्रीनंतरही उत्पादकाकडेच राहतो. सुरक्षिततेच्या कारणास्तव काही बंधने आवश्यक असतात हे मान्य केलेच पाहिजे. लिथियम बॅटरी चुकीच्या पद्धतीने हाताळल्यास पेट घेऊ शकते. परंतु सुरक्षिततेचा उपाय प्रशिक्षण आणि माहिती हा आहे. माहिती दडविणे हा नव्हे.

राजधानीतील दुरुस्तीच्या बाजारपेठा

या प्रश्नाचे उत्तर राजधानीच्या बाजारपेठांनी कायद्याची वाट न पाहता आपल्या परीने शोधले आहे. दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस हे संगणक आणि त्यांच्या सुट्या भागांचे देशातील एक प्रमुख केंद्र होय. करोलबागेतील गफ्फार मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानांची दाटी आहे. चांदणी चौकाजवळच्या लजपतराय मार्केटमध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे भाग सुटे मिळतात. दोन फूट रुंदीचे टेबल, सूक्ष्मदर्शक भिंग, डाख देण्याचे उपकरण आणि मापक एवढ्या भांडवलावर येथील कारागीर आपला संसार चालवितो. त्याचे शिक्षण बहुधा शाळेत नव्हे, तर उस्तादाच्या शेजारी बसून झालेले असते. बाजारात नवे मॉडेल आले की बंद पडलेला एखादा संच विकत घेऊन तो उघडून पाहणे, हाच त्याचा अभ्यासक्रम.

अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा विसरता येणार नाहीत. बसविलेला भाग अस्सल की नकली हे ग्राहकाला कळत नाही. पावती क्वचितच मिळते आणि फोनमधील खासगी माहिती सुरक्षित राहील याची हमी नसते. अधिकृत केंद्र महाग व आडमुठे, तर अनधिकृत कारागीर स्वस्त पण बेभरवशाचा, अशा दुहेरी पेचात ग्राहक सापडतो. दुरुस्तीच्या हक्काचा खरा अर्थ हा पेच सोडविणे असा आहे. कारागिराला अस्सल भाग व अधिकृत माहिती मिळाली, तर त्याचे कौशल्य विश्वासार्ह होईल आणि त्याच्यावर जबाबदारीही टाकता येईल.

दुरुस्त न झालेल्या वस्तूंचा शेवट कोठे होतो, हेही राजधानीतच पाहावयास मिळते. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर हा भाग टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तू सुट्या करण्याच्या व्यवसायासाठी ओळखला जातो. तांब्यासाठी तारा जाळणे, बोर्डातील धातू मिळविण्यासाठी आम्ल वापरणे अशी कामे असंघटित क्षेत्रात पुरेशा संरक्षणाशिवाय होत आली आहेत. शिसे, पारा, कॅडमियम यांसारख्या घातक द्रव्यांचा परिणाम प्रथम तेथील कामगारांवर आणि त्यांच्या मुलांवर होतो. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ मधील जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रीकरण अधिकृतरीत्या झाल्याची नोंद आहे. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. तथापि पुनर्चक्रीकरण हा शेवटचा उपाय होय. वस्तूचे आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढविणे हा त्याहून स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे.

कायद्याची वाटचाल

भारतात या विषयाला पहिली मोठी चालना मोटारगाड्यांच्या संदर्भात मिळाली. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळत नाहीत, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे दाखल झाली होती. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांना मिळून २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला आणि सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करण्याचे निर्देश दिले. या आदेशाला पुढे अपिलात आव्हान देण्यात आले. परंतु वस्तू विकल्यानंतर तिच्या दुरुस्तीच्या बाजारपेठेवर मक्तेदारी ठेवणे हे स्पर्धेच्या विरोधी ठरू शकते, हे तत्त्व त्यामुळे प्रथमच ठळकपणे मांडले गेले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. माहिती मिळण्याचा, निवड करण्याचा आणि तक्रारीचे निवारण होण्याचा हक्क या अधिनियमाने ग्राहकाला दिला आहे. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक, विक्रेता व सेवा देणारा यांना जबाबदार धरण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र उत्पादन बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षे उपलब्ध ठेवावेत, याची मुदत या अधिनियमात ठरवून दिलेली नाही. ‘तो भाग आता येत नाही’ हे वाक्य ग्राहकाला इतक्या सहजपणे ऐकविले जाते, त्याचे हे एक कारण आहे.

ही उणीव लक्षात घेऊन केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये अतिरिक्त सचिव निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे समितीने विचारासाठी निवडली. शेतीच्या अवजारांचा समावेश महत्त्वाचा आहे. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहणे म्हणजे हंगामच हातचा जाणे होय. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू करण्यात आले. उत्पादकांची दुरुस्तीविषयक माहिती, वॉरंटीच्या अटी आणि सेवा केंद्रांचे संपर्क एका ठिकाणी मिळावेत, हा त्यामागील उद्देश आहे.

पुढचा टप्पा ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’चा. अतिरिक्त सचिव भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. वस्तू किती सहज उघडता येते, दुरुस्तीची माहिती, साधने व सुटे भाग मिळतात का आणि सॉफ्टवेअरच्या सुधारणा किती काळ दिल्या जातात, यांवरून फोन व टॅबलेट यांना गुण द्यावेत आणि ते खरेदीच्या वेळी ग्राहकाला दिसावेत, अशी ही कल्पना आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून दहापैकी गुण दाखविण्याची अशी पद्धत सुरू झाली. आपल्याकडे ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. विजेच्या उपकरणांवर तारांकन देण्याची योजना २००६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तारे पाहून शीतकपाट घेणारे ग्राहक विरळा होते. आज खेड्यातील ग्राहकही दुकानात ‘किती तारे?’ असे विचारतो. उद्या तो ‘दुरुस्तीचे गुण किती?’ असेही विचारील.

गुंतागुंतीमुळे वगळले जाणारे

ग्राहकाची कुचंबणा केवळ बिघाडापुरती मर्यादित नाही. वस्तू उत्तम चालत असूनही वापरणाऱ्याला ती वापरता येत नाही, हा या प्रश्नाचा दुसरा भाग आहे. पासवर्ड, ओटीपी, चेहऱ्याची ओळख आणि दर महिन्याला बदलणारी ॲपची मांडणी, यांमुळे वयोवृद्ध आणि अपंग व्यक्तींना पदोपदी दुसऱ्याची मदत घ्यावी लागते. आयुष्यभर आपला हिशेब स्वतः ठेवणाऱ्या माणसाला आपलेच निवृत्तिवेतन पाहण्यासाठी नातवाची वाट पाहावी लागणे, यात केवळ गैरसोय नाही. स्वाभिमानाचाही प्रश्न आहे.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेला निर्णय पथदर्शक मानावा लागेल. आम्लहल्ल्यातून बचावलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींनी डिजिटल केवायसीच्या पद्धतीविरुद्ध दाद मागितली होती. कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप केल्याशिवाय व्यक्ती ‘जिवंत’ असल्याचे यंत्रणा मानत नसे. ज्यांच्या पापण्याच आम्लाने गेल्या, त्यांनी काय करावे? डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मानले आणि २० निर्देश दिले. ओळख पटविण्यासाठी पर्यायी पद्धती असाव्यात, हे त्या निर्देशांचे सार आहे. साधा पर्याय ही कोणी केलेली मेहेरबानी नसून तो हक्काचा भाग आहे, असा या निर्णयाचा अर्थ सामान्य वाचकाने घ्यावयास हरकत नाही.

साधे पर्याय शासकीय व्यवस्थेतही उपलब्ध आहेत. परंतु त्यांची माहिती पोहोचलेली नाही. रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी ‘यूपीआय १२३पे’ ही सेवा सुरू केली. बटणांच्या साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय, केवळ आवाजाच्या सूचना ऐकून किंवा मिस्ड कॉल देऊन तिच्याद्वारे पैसे पाठविता येतात. तिची प्रतिव्यवहार मर्यादा पुढे ५,००० रुपयांवरून १०,००० रुपये करण्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. *९९# हा क्रमांक लावून बँकेतील शिल्लक पाहण्याची सोय त्याहूनही जुनी आहे. ज्यांना स्मार्टफोन नको आहे, त्यांना मागासलेले समजण्याचे कारण नाही. ज्या कामासाठी साधे साधन पुरते, तेथे साधे साधन निवडणे हा विवेक आहे.

गुंतागुंत कधी कधी जाणूनबुजूनही निर्माण केली जाते. सेवा सुरू करणे एका बोटाचे काम, परंतु बंद करण्यासाठी दहा पायऱ्या. न मागितलेली वस्तू टोपलीत आपोआप येणे. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, असे १३ फसवे प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांद्वारे निश्चित करून त्यांना मनाई केली आहे.

ग्राहकाने काय करावे?

वरील विवेचनाचा व्यवहारात उपयोग व्हावा म्हणून काही बाबी क्रमाने नोंदवीत आहोत.

१. खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारावेत : बॅटरी व इतर भाग बदलता येतात का? सेवा केंद्र किती अंतरावर आहे? सॉफ्टवेअरच्या सुधारणा किती वर्षे मिळतील? ॲप किंवा इंटरनेट नसतानाही ही वस्तू चालेल का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असल्यास, ज्या सोयीसाठी ॲप लागते तिची आपल्याला खरोखर गरज आहे का, हे पाहावे.

२. पावतीचा आग्रह धरावा. पावती न देणे ही कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुरुस्तीच्या पावतीवर बदललेल्या भागाचे नाव लिहून घ्यावे आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

३. ‘दुरुस्त होत नाही’ हा निर्णय लेखी मागावा. त्यात कोणता भाग निकामी आहे याचा उल्लेख असावा. मग दुसऱ्या कारागिराचे मत घ्यावे. फोन दुरुस्तीला देण्यापूर्वी त्यातील माहितीची प्रत काढून ती पुसून टाकावी.

४. तक्रार प्रथम कंपनीकडे नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनशी संपर्क साधावा. ही सेवा मराठीसह १७ भाषांत उपलब्ध आहे. दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राम येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबातील वडीलधाऱ्यांनाही आपली अडचण आपल्या भाषेत मांडता येते, हे लक्षात ठेवावे.

५. त्यानंतरही प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते.

६. वस्तू खरोखरच निकामी झाली असेल, तर ती घरातील केरात किंवा कोणाच्याही हाती न देता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे अथवा उत्पादकाच्या संकलन केंद्राकडे द्यावी.

पुढील दिशा

निर्देशांक, पोर्टल आणि मार्गदर्शक तत्त्वे ही योग्य दिशेने पडलेली पावले आहेत. परंतु ती पुरेशी नाहीत. सुटे भाग किती वर्षे उपलब्ध ठेवावेत याची किमान मुदत प्रत्येक वस्तुप्रकारासाठी कायद्याने ठरविणे आवश्यक आहे. वापराच्या पुस्तिका भारतीय भाषांत आणि वाचता येईल अशा अक्षरांत दिल्या गेल्या पाहिजेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी बाजारातील अनुभवी कारागिरांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था केल्यास ग्राहकाला विश्वास आणि कारागिराला प्रतिष्ठा मिळेल. प्रत्येक डिजिटल सेवेसोबत, माणूस बसलेली एक खिडकी किंवा माणूस उचलील असा एक दूरध्वनी क्रमांक असणे अनिवार्य करणेही अवघड नाही.

तंत्रज्ञानाला विरोध करणे हा या लेखाचा हेतू नाही. यंत्र माणसाच्या सोयीसाठी असते. त्याचा मालक माणूसच राहिला पाहिजे, एवढेच येथे सांगावयाचे आहे. लजपतराय मार्केटमधील त्या कारागिराने बोर्ड परत करताना जुना कपॅसिटर कागदात गुंडाळून दिला आणि हा भाग पंख्याच्या वाऱ्याच्या बाजूला असता तर आणखी पाच वर्षे टिकला असता, असे सहज सांगून टाकले. यंत्र घडविणाऱ्याला जे ठाऊक असावयास हवे, ते दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक होते. या दोघांमधील अंतर कमी करणे, हेच दुरुस्तीच्या हक्कापुढील खरे काम आहे.